हार्लनचं अवघड रीळ

डॉइल क्रॅबट्रीचा उजवा खांदा एप्रिलमध्ये उघडून पुन्हा शिवला. मे संपता संपता डॉक्टरांनी सांगितलं, की हात जेवण्यापुरता, सही करण्यापुरता आणि चर्चच्या दारात कुणाचा हात हातात घेण्यापुरता चालेल. गळाची काठी फिरवायला चालणार नाही. डॉइलने ते शांतपणे ऐकून घेतलं, घरी आला, पुढच्या व्हरांड्यात खुर्ची ओढून बसला आणि तिथेच राहिला.

"बोटीत ये नुसता," हार्लन टिडवेल तिसऱ्यांदा त्याला न्यायला गेला तेव्हा म्हणाला. "मी आहे ना."

"तू आहेस हीच तर अडचण आहे," डॉइल म्हणाला. "तू मासा उचलायचं जाळं धरणार, तू मोटर चालवणार. फेकणारा मी होतो. आता काय, दोघं मिळून जाळं धरून बसायचं आणि माशांना विनंती करायची?"

"डाव्या हाताने बघ की."

"बघितलं. आमिष शेजाऱ्याच्या झाडावर आहे. जाताना बघ, दिसेल."

हार्लनने जाताना पाहिलं. दिसलं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खुळेपणाचं वाटेल. जून लागला की ओकाली तलावाचं वरचं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं. बास मासा मग उघड्यावर थांबत नाही, सावली शोधतो. आणि या तलावावरची सर्वांत गडद सावली म्हणजे लोकांच्या घरांमागचे लाकडी धक्के. फळ्या आणि पाणी यांत जेमतेम वीतभर फट. मोठा मासा त्या फटीच्या पार आत जाऊन बसतो. तिथे आमिष वरून सोडता येत नाही, सरळ फेकलं तर फळीवर आपटतं. उपाय एकच. लहानपणी चपटा दगड फेकून आपण पाण्यावर भाकऱ्या काढतो ना, तसं रबरी आमिष हात खाली ठेवून, पाण्याला लागून फेकायचं. एक, दोन, तीन टप्पे घेत ते अंधारात शिरलं पाहिजे. डॉइल हे तीस वर्षं अशा सहजतेने करत आला होता, की पाहणाऱ्याला वाटावं, बंद दाराखालून कुणी चिठ्ठी सरकवतंय.

हार्लनने ते कधीच केलं नव्हतं. अलाबामातल्या त्या जिल्ह्यात तो अठ्ठावीस वर्षं गाडीच्या परवान्याचा परीक्षक होता. निम्मा जिल्हा त्याच्या शेजारी बसून पास झाला होता, आणि उरलेला निम्मा त्याला अजून विसरला नव्हता. अशा नोकरीत माणूस दुसऱ्याच्या चुका टिपायला शिकतो. स्वतः चुकायची सवय त्याला राहत नाही.

"मी शिकणार आहे," त्याने त्या दिवशी बायकोला सांगितलं. "डॉइलला न सांगता. तो नुसता बोटीत बसेल, मी धक्क्याखाली फेकेन. एक काठी, एक रीळ, चार आमिषं. आठवड्याचं काम."

नॅनेट शेंगा सोलत होती. "मागच्या वेळी आठवड्याचं काम म्हणून तू स्वयंपाकघराचा नळ काढला होतास," ती म्हणाली. "तेव्हा आपल्याकडे जुना रंग होता भिंतींना."

क्लीट मॅकडूच्या दुकानात मासेमारीचं सगळं मिळतं आणि सल्ला मिळतो, आणि सल्ला जास्त मिळतो. हार्लन आत शिरला तेव्हा कॉफीच्या भांड्याभोवती चौघं उभे होते. चौघांनीही त्याच्याकडे पाहून नकळत पाठ ताठ केली.

"धक्क्याखाली फेकायला काठी हवी आहे," हार्लन म्हणाला. त्याची चूक इथेच झाली. क्लीटच्या कानात सांगायचं ते त्याने दुकानाला सांगितलं.

"साडेसहा फुटी घ्या," पहिला म्हणाला. "लांब घेतलीत तर शेंडा पाण्यावर आपटतो."

"सात फुटी घ्या," दुसरा म्हणाला. "आखूड काठीने आत गेलेला मासा बाहेर कसा ओढणार? पत्र पाठवून?"

तिसऱ्याचं म्हणणं पडलं, की लांबीत काही नाही. शेंडा लवचिक हवा आणि बुंधा कडक हवा, माणसाचं डोकं आणि कणा असावा तसा. हे त्याने कुणाकडे पाहून म्हटलं ते कळलं नाही. चौथा दोऱ्याबद्दल बोलला. धक्क्याच्या खांबांना खिळे असतात, स्क्रू असतात, दोरा वीस पौंडांचा ताण सोसणारा हवाच. त्याच्या मेव्हण्याने बारा पौंडांचा वापरला होता आणि तो अजून त्याबद्दल बोलत नाही. मग आमिषावर वाद झाला. चपट्या डोक्याचं, की गांडुळासारखं मऊ? चपटं चांगलं सरकतं, मऊ गुपचूप पडतं. वाद इतका चढला, की एकाने क्लीटच्या काउंटरवर ओलं फडकं फिरवून त्यावर आमिष सरकवून दाखवलं. ते कॉफीत पडलं.

क्लीट तोवर गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मिस्टर हार्लन, काठीचं सोडा. रीळ कुठलं घेणार?"

रिळं दोन जातींची. एक काठीच्या वर बसतं. फेकताना त्याचं चाक स्वतः गरगर फिरतं, आणि अंगठ्याने ते बरोब्बर वेळी दाबावं लागतं. क्षणभर उशीर झाला, की आमिष थांबतं, चाक फिरतच राहतं, आणि दोऱ्याचा असा गुंता होतो की इकडे त्याला घरटंच म्हणतात. दुसरं रीळ काठीखाली लटकतं. त्याचं चाक फिरत नाही, दोरा नुसता सुटत जातो. गुंता होणं जवळजवळ अशक्य.

"तुम्ही लटकतं घ्या," क्लीट म्हणाला. "शिकणाऱ्याला तेच बरं. शेंडा लवचिक, दोरा जाड, आमिष मऊ. दोन दिवसांत जमेल."

 ओकाली तलावावर लटकतं रीळ मुलांना देतात, आणि उत्तरेकडून आलेल्या जावयांना. डॉइल त्याला बाहुलीचं रीळ म्हणायचा. हार्लनने चौघांकडे पाहिलं, चौघांनी छताकडे पाहिलं.

"वरचं द्या," हार्लन म्हणाला.

"तुम्ही मला दोन गाड्यांच्या मधे गाडी लावताना दोनदा नापास केलंत," क्लीट बिल करता करता म्हणाला. "मी ते मनात ठेवलेलं नाही. पण दुसऱ्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते आठवतं. म्हणालात, 'बाळ, गाडी तुझ्यापेक्षा मोठी घेतली आहेस.'"

सराव घरापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर करायचा असं हार्लनने ठरवलं. आमिषाचा गळ पकडीने तोडून टाकला, आपला ट्रक हा धक्का मानला, आणि ट्रकच्या पोटाखालून आमिष सरकवायचं. पहिल्या फेकीत घरटं झालं. ते सोडवायला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या फेकीत घरटं झालं. तिसऱ्या फेकीत घरटं झालं नाही, कारण हार्लनने अंगठा उचललाच नाही आणि आमिष त्याच्याच बुटावर पडलं. अकराव्या फेकीला मात्र सगळं जुळलं. आमिष टप्पे घेत ट्रकखालून गेलं, पलीकडून निघालं, आणि शेजारच्या पर्व्हिस यांच्या उघड्या गॅरेजमध्ये गेलं. तिथे पर्व्हिस खाली वाकून गवत कापण्याचं यंत्र साफ करत होते.

पर्व्हिस हे वसाहत समितीचे चिटणीस. त्यांनी आमिष परत आणून दिलं, टोपीला हात लावला आणि आत गेले. पत्र दुसऱ्या दिवशी आलं. नियम चौदा, कलम तीन: घरापुढील फरसबंद जागेत वस्तू फेकण्याचा कोणताही खेळ समितीच्या लेखी परवानगीखेरीज खेळता येणार नाही. सोबत अर्ज.

हार्लनने आयुष्यभर लोकांना अर्ज भरायला लावले होते, त्यामुळे अर्जाचा राग त्याला येईना. आला असता तर बरं झालं असतं. त्याने निळ्या शाईने तो नीट भरला. 'खेळाचे स्वरूप' या रकान्यात 'ट्रकखाली फेकणे' लिहिलं. 'सहभागी प्राण्यांची संख्या' या रकान्यात थोडा विचार करून 'सध्या शून्य' लिहिलं. परवानगी मिळाली: मंगळवारी व गुरुवारी, सकाळी दहा ते अकरा. मंगळवारी त्या तासात वसाहतीतली सात माणसं कुत्री फिरवायला बाहेर पडली. त्यातल्या दोघांकडे कुत्री नव्हती.

"आता खरं पाणी पाहिजे," हार्लनने ठरवलं.

खऱ्या पाण्यात त्याने निवडला तो मिस व्हर्ना स्टॉडर्ड यांचा धक्का. कारण सरळ होतं. इथे लोक जानेवारीत जुनी नाताळची झाडं धक्क्याखाली बुडवतात, त्यांत मासे जमतात. आणि मिस व्हर्ना गावभरची झाडं गोळा करून बुडवायच्या. शिवाय त्यांच्या धक्क्याला बोट बांधलेली नसे, म्हणजे मोडण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्या स्वतः तिथे दिवसभर खुर्ची टाकून उकडलेल्या शेंगा खात बसायच्या. पाणी सर्वांचं, धक्का त्यांचा, त्यामुळे कुणी जवळ आलं तर हाकलता येत नसे. पण बघता येत असे.

आणि मिस व्हर्नांना हार्लनने तीन वेळा नापास केलं होतं. शेवटी त्यांनी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन परवाना काढला.

त्याने बोट उभी केली, टोपी काढली. "मिस व्हर्ना, तुमची हरकत नसेल तर..."

"पाणी सर्वांचं आहे, मिस्टर टिडवेल. चालू द्या."

पहिलं आमिष त्यांच्या टांगलेल्या जिरेनियमच्या कुंडीत गेलं. दुसरं धक्क्याच्या पत्र्यावर असं वाजलं की पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकलं. मग घरटं.

"झालं?" मिस व्हर्नांनी विचारलं.

"गुंता सोडवतोय."

"आज नको. पंधरा दिवसांनी या." त्या शेंग फोडत म्हणाल्या. "आरसा न बघता निघालात, हात घट्ट, नजर चुकीच्या जागी. तुम्ही मला असंच लिहून दिलं होतं. तो कागद माझ्याकडे आहे."

पंधरा दिवस त्याला परवडणार नव्हते. तो दुसऱ्या दिवशी गेला, नापास. तिसऱ्या दिवशी गेला, नापास. त्या दिवशी त्याच्या कानाच्या पाळीला दोऱ्याने वळ उठवला होता, आणि तो बोटीत मान खाली घालून, नखांनी गाठी ओढत बसला होता. मिस व्हर्नांनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली.

"हे कशासाठी चाललंय?" त्यांनी विचारलं.

हार्लनने सांगितलं. व्हरांड्यातली खुर्ची, खांदा, सगळं.

 "मी तिसऱ्यांदा नापास झाले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या नवऱ्याला दर आठवड्याला मोबील शहरातल्या इस्पितळात न्यायला कुणी नव्हतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत."

"नाही विचारलं," हार्लन म्हणाला. 

"ते जाऊ दे. लटकतं रीळ आणा. डॉइलसाठी शिकताय ना? मग लोक काय म्हणतील ते कशाला मधे?"

हार्लनने लटकतं रीळ आणलं. क्लीटने ते खाकी पिशवीत गुंडाळून, मागच्या दाराने दिलं. आणि क्लीट म्हणाला होता तसंच झालं: दोन दिवस. मनगट सैल, काठीचा शेंडा पाण्याकडे, खालून एक झटका. मऊ आमिष चार टप्पे घेत मिस व्हर्नांच्या खुर्चीखाली, पार आत, बुडवलेल्या झाडांपर्यंत जाऊ लागलं. पाचव्या वेळी दोरा आडवा पळाला आणि दोन किलोंचा बास बोटीत आला.

"पास," मिस व्हर्ना म्हणाल्या. "पण आरसा अजून बघत नाही तुम्ही."

शनिवारी सकाळी हार्लन डॉइलच्या व्हरांड्यासमोर उभा राहिला. "शिकलो," त्याने सांगितलं.

"काय शिकलास?"

"चल, दाखवतो."

डॉइल आला. कुतूहलानेच आला. हार्लनने त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं, थर्मासमधून कॉफी ओतून दिली, उन्हाची टोपी दिली. आणि पहिल्याच धक्क्याखाली अशी फेक केली की ती त्याची त्यालाच सुंदर वाटली. तिसऱ्या धक्क्याला मासा लागला. त्याने काठी गुडघ्यात धरून जाळंही स्वतःच टाकलं. पाचव्या धक्क्याला दुसरा मासा.

"छान," डॉइल म्हणाला.

हार्लन थबकला. तीस वर्षांत डॉइलने 'छान' हा शब्द एकट्याने कधी वापरला नव्हता. त्याला शेपूट असायचं: छान, आंधळ्याला शोभेल असं, छान, आता तुझ्या आजीला पण येईल. आज शेपूट नव्हतं.

"ते रीळ चांगलं आहे," डॉइल पुढे म्हणाला. बाहुलीचं म्हणाला नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. तो पलीकडच्या काठाकडे पाहत होता, जिथे काही नव्हतं. दहाच्या सुमाराला तो म्हणाला, ऊन लागतंय, घरी सोड.

सोमवारी डॉइलची बायको फेय हिचा फोन आला. नॅनेटने घेतला, ऐकला आणि रिसीव्हर छातीशी धरून हार्लनकडे वळली. "डॉइलने त्याच्या सगळ्या काठ्या काढल्यात," ती म्हणाली. "चर्चच्या अंगणात शनिवारी जुन्या वस्तूंची विक्री आहे, तिथे द्यायच्या म्हणतो. फेय म्हणते, तो म्हणाला, 'हार्लनला आता सगळं येतं.'"

"येतं म्हणून तर..." हार्लन म्हणाला.

तो दुपारभर गॅरेजमध्ये बसून राहिला. समोर भिंतीला दोन्ही रिळं टांगलेली. तो मनात जुने शनिवार मांडत होता. डॉइल फेकायचा, आणि दोरा खिळ्यात अडकला की ओरडायचा, हार्लन, मागे घे, मागे, मागे म्हणजे मागे. मग हार्लन बोट मागे घ्यायचा. मासा लागला की जाळं हार्लनचं. डॉइलला त्याच्यावाचून एकही मासा कधी बोटीत घेता आला नव्हता, आणि हार्लनला हे पक्कं ठाऊक होतं म्हणून तर तो तीस वर्षं पहाटे उठून गेला होता. मासे त्याला खायलाही फारसे आवडत नसत. आणि त्याने काय केलं होतं? फेकलं स्वतः, ओढलं स्वतः, जाळंही स्वतः टाकलं, आणि मित्राला कॉफी देऊन पुढच्या खुर्चीत बसवलं, पाहुण्यासारखं.

परीक्षकाच्या कामात एक नियम असतो: उमेदवाराने सगळं बरोबर केलं, तर तोंडातून शब्द काढायचा नाही. हार्लनला आजवर तो नियम सोयीचा वाटत आला होता. शेजारी बसून गप्प राहणं कसं असतं, ते त्याने शनिवारी डॉइलच्या तोंडावर पाहिलं होतं.

मंगळवारी सकाळी त्याने एकच काठी गाडीत टाकली.

"मी येत नाही," डॉइल व्हरांड्यातून म्हणाला.

"नको येऊस. मला फक्त सांग, हे असं का होतं." हार्लनने वरचं रीळ पुढे केलं. त्याच्यावर मिस व्हर्नांकडे नापास झाल्या दिवसापासून न सोडवलेलं घरटं होतं. खरं घरटं, त्यात नाटक काही नव्हतं.

डॉइलने ते पाहिलं. चेहरा वाकडा केला. "हे काय केलंस तू? दोरा कुणी भरला यावर? गाढवाने?"

"मीच भरला."

"तेच विचारतोय."

बोटीत बसेपर्यंत तो बोलतच होता. रिळाच्या ब्रेकची कळ पार सैल आहे. अंगठा कशासाठी दिला आहे देवाने. मिस व्हर्नांच्या धक्क्यापाशी हार्लनने फेक केली. एक टप्पा, दुसरा टप्पा, आणि चाक भुर्र करत फिरलं आणि दोरा फुलून बाहेर आला. डॉइलने हात पुढे केला. "इकडे आण. आण म्हणतो ना."

त्याचा खांदा कामातून गेला होता. बोटं गेली नव्हती. त्याने काठी मांडीवर आडवी घेतली, दोन्ही हात पोटाशी धरले आणि गाठीतून एक फास बाहेर ओढला, मग दुसरा, मग तिसरा. पाच मिनिटांत रीळ साफ. हार्लनला याला चाळीस लागायची. मग त्याने कळ फिरवली, कान लावून चाकाचा आवाज ऐकला, परत थोडी फिरवली.

"आता टाक. नजर आमिषावर ठेव, अंगठ्याकडे नको बघूस. आमिष पाण्याला टेकलं रे टेकलं की दाब. नाही, आत्ता नाही. टेकल्यावर. टेकल्यावर म्हणजे काय ते माहीत आहे ना?"

त्या सकाळी नऊ घरटी झाली. धक्क्यावरून मिस व्हर्ना दर वेळी शेंग फोडायच्या थांबायच्या, पण लटकत्या रिळाचं नाव काढायच्या नाहीत. एकच मासा लागला, तोही खांबाला दोरा गुंडाळून निघून जायच्या बेतात होता. "मागे घे," डॉइल गरजला, "मागे, मागे, अरे मागे म्हणजे तुझ्या मागे, माझ्या नाही," आणि डाव्या हाताने त्याने स्वतःच जाळं टाकलं. जाळं वाकडं पडलं. मासा तरी त्यात आला.

बारा वाजता ऊन डोक्यावर आलं. घरी जायचं कुणी काढलं नाही. डॉइल दहाव्या घरट्यावर वाकला होता.

"नखांनी होत नाही हे," तो म्हणाला. "उद्या फेयची क्रोशाची सुई आणतो." मग मान वर न करता, "ते दुसरं रीळ कुठे आहे? बाहुलीचं?"

"घरी विसरलं."

डॉइलने एक फास ओढून काढला. तो ताणून उजेडात पाहिला. धक्क्याखालच्या अंधारात काहीतरी जड हललं आणि पाण्यावर एक वलय बाहेर सरकत आलं. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"बरं," डॉइल म्हणाला. "उद्याही विसर."